घरचं घरात

आमच्या घरी कॉम्प्युटर आला त्या दिवशी मायनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्यातलं थोडं कुंकू कीबोर्डच्या फटीत सांडलं, ते शेवटपर्यंत निघालं नाही. भाऊ ओरडत होता, "अगं माय, आत जाईल ना ते!" आणि माय शांतपणे म्हणत होती, "जाऊ दे. देवीनं कुकू शे. काही नही व्हस." कॉम्प्युटर आला म्हणजे काही दुकानातून खोक्यात बसून आला नव्हता. माझा मोठा भाऊ प्रमोद, ज्याला आम्ही सगळेच भाऊ म्हणायचो, अगदी मायसुद्धा, तो धुळ्यातल्याच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला होता. त्यानं एकेक भाग आणून, जुनं-नवं जुळवून तो घरीच उभा केला होता. डब्याची एक बाजू उघडीच होती, कारण त्या मापाचं झाकण काही मिळालं नाही. आतला पंखा फिरायला लागला की त्याची घरघर दोन्ही खोल्यांत भरायची. माय म्हणायची, "तुना आबासारखा घोरस." आबांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मायनं मग जुन्या पातळाच्या काठाचं एक झाकण शिवलं आणि कॉम्प्युटर बंद असला की ती ते त्याच्यावर घालायची.

मी हे लिहायला बसले आहे म्हटल्यावर माझा नवरा हसला. म्हणाला, "चाळिशी ओलांडली नाही तोच आत्मकथा?" त्याला काय कळणार! गुडघे बोलायला लागले, केसांना मेंदी लावायचा कंटाळा येऊ लागला, लेक माझ्यापेक्षा उंच झाली. आणखी किती म्हातारं व्हायचं असतं? आणि मला सगळं आयुष्य लिहायचंच नाही. मला फक्त धुळ्याच्या देवपुरातलं ते घर लिहायचं आहे, पांझरा नदीच्या अलीकडचं, आणि त्या घरातला तो घोरणारा डबा.

दोन खोल्या, पुढे ओटा, मागे अंगण, अंगणात निंब. आबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. संध्याकाळी त्यांच्या सायकलचं स्टॅण्ड ओट्याखाली खाडकन वाजायचं आणि त्यानंतर मोरीत पिवळ्या साबणानं हात घासण्याचा आवाज, बराच वेळ. ऑइलचा वास तरी जायचा नाही. मायच्या चुलीवर तेव्हा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फुगलेली असायची, पाट्यावर ठेचा वाटलेला असायचा आणि रविवार असला तर शेवभाजीचा तवंग पातेल्यात लाल होऊन वर आलेला असायचा. भाऊ जेवताजेवता ज्वारीच्या पापडासारखी बिबडी भाजून मागायचा आणि ती कडाकड खात कॉम्प्युटरपुढे बसायचा. मग आबांचं सुरू, "यंत्रापुढे खाऊ नये." भाऊ म्हणायचा, "आबा, तुमच्या एसटीत तर लोक कोंबड्या घेऊन बसतात." ह्यावर मात्र आबांचा चेहरा थोडा सैल व्हायचा.

आता कानबाईचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खानदेशाबाहेरच्यांना कानबाई ही देवी ठाऊक नसते, आणि मी आता राहते त्या जळगावात कुणाला समजावत बसत नाही कारण तिथे ती घरोघर असते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. त्याआधी घर असं धुतलं जातं की भिंतींना पळून जावंसं वाटावं. डबे, फडताळं, गोधड्या, सगळं अंगणात. मग घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं सव्वाच्या मापानं गहू निवडून, दळून आणायचे. ते रोटाचं पीठ. त्या पिठाच्या पुरणपोळ्या होतात, आणि तो रोट फक्त घरातल्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा. शेजारणीला नाही, पाहुण्याला नाही, दारात आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा नाही. आमच्याकडे तर ताटं धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, मागे अंगणात खड्डा करून त्यात ओतायचं. आणि लग्न झालेली लेक? तिलाही नाही. ती दुसऱ्या कुळाची झाली. ती आली तर तिच्यासाठी साध्या पिठाची वेगळी कणीक भिजवायची. माझ्या आत्या यायच्या आणि कोपऱ्यात आपल्या वेगळ्या पोळ्या खायच्या. त्यांना त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर आम्हाला दिसत नसे. मी तेव्हा कुमारी, त्यामुळे पंगतीत हक्कानं, भाऊच्या मांडीला मांडी लावून.

माय कानबाईची गाणी म्हणायची. अहिराणीतली, लांबच लांब, एका बाईनं उचलायची आणि बाकीच्यांनी धरायची. उचलायला माय. तिचा आवाज काही गोड वगैरे नव्हता, थोडा फाटकाच होता, पण तो ओट्यावरून रस्त्यापलीकडे जायचा. कॉम्प्युटर आला त्या वर्षी भाऊनं एक छोटा माइक आणला आणि देवीपुढे, समईच्या अलीकडे ठेवला. माय सुरुवात करेना. लाजली. शेवटी भाऊ म्हणाला, "म्हन माय, आते." आणि तिनं म्हटलं. दुसऱ्या दिवशी विसर्जन करून आल्यावर त्यानं ते लावलं. आधी भाऊचा आवाज आला, "म्हन माय, आते," मग मायचं खाकरणं, मग गाणं. माय पदर तोंडावर धरून ऐकत होती. म्हणाली, "हाई कोन बाई शे?" आम्ही हसून हसून लोळलो. आबा दारात उभे होते, ते म्हणाले, "परत लाव." भाऊनं परत लावलं. त्यानंतर आबा कामावरून आले की कधीकधी हात पुसत म्हणायचे, "ते कानबाईचं लाव जरा." भाऊ लावायचा. "म्हन माय, आते."

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊनं क्लासातल्या मित्राचा डिजिटल कॅमेरा आणला होता. आखाजीला आमच्याकडे निंबाला झोका बांधतात, पोरीबाळी दिवसभर झोक्यावर. माझे केस धुतलेले होते, मोकळेच होते, आणि मी झोक्यावर उभी राहून अशी काही हसत होते की पडजीभ दिसावी. भाऊनं नेमका तोच फोटो काढला. कॉम्प्युटरवर पाहिला तेव्हा मी त्याला मारायला धावले. "काढून टाक तो!" "नाही काढणार. तुझ्या लग्नात भिंतीवर लावणार." तो फोटो राहिला.

मग पावसाळ्याच्या तोंडावर कॉम्प्युटरला काहीतरी झालं. सुरू व्हायचा आणि बंद पडायचा. भाऊ परीक्षेसाठी नाशिकला गेला होता, आणि आबांना बंद पडलेलं यंत्र घरात बघवत नसे. भाऊ येईपर्यंत नीट करून ठेवू, त्याला बरं वाटेल, म्हणून आबांनी स्वतः डबा सायकलला बांधून गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. व्हायरस निघाला, डबा परत आला. आणि काही दिवसांतच कॉलेजच्या रस्त्यावर एक पोरगा मला बघून गुणगुणला, "झोका घे गं, झोका." दुसऱ्या दिवशी तिघं. मला काही कळेना. शेवटी माझी मैत्रीण वैशाली मला जिन्याखाली घेऊन गेली आणि तिनं आपल्या भावाचा मोबाइल दाखवला. मोकळे केस, उघडं तोंड, मी. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, कॉलेजभर फिरत होता तो फोटो, आणि त्याबरोबर काय काय बोललं जात होतं ते मी इथे लिहिणार नाही. साधा हसण्याचा फोटो! त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? पण मला इतकी लाज वाटली की मी घरी येऊन मागच्या अंगणात बसले आणि निंबाचा झोका सोडून गुंडाळून ठेवला.

आबा म्हणाले, "काही दिवस कॉलेज राहू दे." मायनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, ती उकाड्यातसुद्धा उघडेना. आबा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्यावर चिडले नव्हते, डबा आपण नेला हे त्यांना खात होतं, पण ते मला तेव्हा कसं कळावं? भाऊ आला, त्यानं सगळं ऐकलं, दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, पुरावा काय? भाऊ परत आला, डब्यासमोर जमिनीवर बसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "जयू, परत असं होणार नाही. ह्या घरातलं काही परत बाहेर जाणार नाही." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात एकच विषय. कॉम्प्युटरवर कोणती सिस्टीम घालायची? लोक सून कशी आणायची ह्यावर बोलतात, आम्ही सिस्टीम कशी आणायची ह्यावर बोलत होतो. भाऊ जाड जाड मासिकं आणायचा, क्लासातल्या मित्राशी, नितीनशी, ओट्यावर उभा राहून वाद घालायचा. मग एका रविवारी, कानबाईच्या आधीची धुवाधुवी चाललेली असताना, त्यानं आम्हा सगळ्यांना बसवलं. माय डाळ निवडत होती. आबा खाटेवर.

"आत्ता आहे ती सिस्टीम चोरीच्या सीडीवरून घातलेली आहे," भाऊ म्हणाला. "तिला ना दुरुस्त्या मिळतात, ना काही. कुणी पेनड्राइव्ह लावला की रोग लागला. आपलं दार उघडंच होतं आबा, दुकानदार नुसता आत आला."

"मग खरी विकत घे," आबा म्हणाले.

"घेतली तरी डिस्क काढून कुणी दुसऱ्या मशीनला लावली की आतलं सगळं दिसतं. म्हणून मी लिनक्स घालायचं म्हणतो. फुकट आहे, रोगराई कमी. आणि त्यात सगळी डिस्कच कुलपात ठेवता येते. मशीन चालू करताना एक परवलीचा शब्द द्यायचा. तो दिला नाही तर आत नुसता भुसा. कुणी डबा चोरून नेला तरी भुसाच."

आबांनी मेकॅनिकचा प्रश्न विचारला. "चावी हरवली तर?"

"तर संपलं, आबा. खरं सांगतो. मग कुणाच्या बापाला उघडायचं नाही."

आबांनी मान डोलावली. त्यांना हे पटलं. त्या दिवसांत आमच्या घराला नेमकं हेच हवं होतं, कुणाच्या बापाला न उघडणारं काहीतरी. मायनं डाळीतला खडा फेकला आणि म्हणाली, "मंग हाई रोटसारखंच शे. घरनं घरमा."

"अगदी बरोबर माय!" भाऊ खूश झाला. "रोटासारखं. आणि हे बघा, एक शब्द माझा. दुसरी चावी म्हणून आणखी एक वेगळा शब्दही ठेवता येतो. तो जयूचा ठेवतो. मी नसलो तरी ती उघडेल."

मी सरसावून बसले. माझ्या मनात शब्द तयारसुद्धा झाला होता. पण मायचा हात सुपातच थांबला.

"तिले कसाले सांगस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भाजीत मीठ जास्त पडेल असं सांगावं इतक्या सहज म्हणाली. "ती सकाय सासरले जाई. त्याम्हा कानबाईनं गानं शे. रोट काय आंडेरले देतस का? सून यी, तिले सांग."

आंडेर म्हणजे लेक, आणि सकाय म्हणजे उद्या. भाऊ म्हणाला, "अगं माय, हे यंत्र आहे." माय म्हणाली, "मंग देवीले कसाले त्याम्हा बसाडं?"  आबांनाही मायचं पटलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. वाईट वाटलं, पण विचित्र नाही वाटलं. आत्या वेगळ्या पोळ्या खायच्याच की. भाऊसाठी वरणगावची एक मुलगी बघून आलो होतो, जमेलसं वाटत होतं, वर्षभरात सून येणारच होती. भाऊ माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "बरं माय. सुनेचा ठेवू." आणि मायला शब्द दिला म्हणजे दिला, तो तसाच होता.

सिस्टीम घातली त्या दिवशी सगळं आत उतरवून झाल्यावर त्यानं बाहेर राहिलेल्या जुन्या सीड्या, ज्यांवर गाणी होती, फोटो होते, त्या सगळ्या हातानं मोडल्या आणि तुकडे अंगणातल्या चुलीत टाकले. घाण धूर झाला. नितीनकडची प्रतही पुसून घेतली. आता सगळं आतच. मग तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बघू नका." आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली, कुणी कपडे बदलत असताना फिरवतात तशी. माय देव्हाऱ्याकडे तोंड करून उभी, आबा दाराकडे, मी भिंतीकडे. मागे टकटक, टकटक, बराच वेळ. आबा न वळता म्हणाले, "एवढा मोठा शब्द?" भाऊ म्हणाला, "जितका मोठा तितका चांगला." आणि वळलो तेव्हा पंखा घोरत होता आणि भाऊ हसत होता. त्या टकटकीवरून काही ओळखता आलं असतं का, किती अक्षरं होती, कुठे थांबला होता, हे मी नंतर इतक्यांदा आठवायचा प्रयत्न केला की आता मला खरी टकटक आठवते की मी रचलेली, हेही सांगता येत नाही.

ती कानबाई फार छान झाली. मायनं पुन्हा गाणी म्हटली, भाऊनं पुन्हा माइक लावला, पुन्हा "म्हन माय, आते." मी परत कॉलेजला जायला लागले. मायनं खिडकी उघडली.

हिवाळ्यात भाऊ शिंदखेड्याला एका शाळेत कॉम्प्युटर बसवायला मोटारसायकलवर गेला. दुपारी परत येताना सोनगीरला हायवेवर चढताना मागून ट्रक आला. मी त्या दिवसाचं काही लिहिणार नाही. मला येत नाही लिहिता. आबांच्या वर्कशॉपातली माणसं आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली आणि कुणीच पहिलं बोलेना, एवढंच पुरे.

दहाव्याच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. भाऊचे लहानपणचे फोटो होते, शाळेतला होता, पण मोठा झालेला भाऊ, मिशीचा, हसणारा, तो सगळा त्या डब्यात. शेवटी त्याच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तो कुणावर तरी वैतागलेला दिसतो. आमचा भाऊ असा नव्हता हो! पण भिंतीवर आजही तोच आहे.

आबांनी कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा, त्यावर एक ओळ, आणि लुकलुकणारी रेघ. आम्ही शब्द घातले. कानबाई घातलं, मायचं नाव, आबांचं, माझं, देवपूर, पांझरा, आखाजी, त्या वरणगावच्या मुलीचं नाव. प्रत्येक वेळी यंत्र थोडं थांबायचं आणि त्या थांबण्यात आम्ही तिघं पडद्याकडे वाकायचो, आणि मग परत तीच ओळ. नितीन आला, त्यानं दिवसभर खटपट केली आणि आबांपुढे मान खाली घालून म्हणाला, "काका, हे उघडणार नाही. ह्याच्यासाठीच तर त्यानं हे घेतलं." आबा म्हणाले, "न उघडणारा बोल्ट मी अजून पाहिला नाही. पाना बरोबर पाहिजे." त्यांनी डबा जळगावला नेला, मग पुण्याला नेला. एके ठिकाणी एकानं सांगितलं, "काका, सगळं पुसून टाकू, मशीन नव्यासारखं चालेल." आबा एसटीत डबा मांडीवर घेऊन, मायनं शिवलेल्या त्या झाकणात गुंडाळून, परत आले. आल्यावर हातसुद्धा न धुता खाटेवर बसले. म्हणाले, "त्याचा आवाज आहे ह्यात. पुसून टाकू म्हणतो."

आणि मी मायवर तुटून पडले. ती भाकरी थापत होती. मी म्हणाले, "तू मला सांगू दिलं असतंस तर आज उघडलं असतं. मी परकी ना? बघ आता, तुझी सून कुठंय? सांग ना तिला, उघड म्हणावं!" आबा म्हणाले, "जयू, पुरे."  तव्यावरची भाकरी जळून काळी झाली, ती मायला उलटवेना. मी तेव्हा जे बोलले ते खरं होतं आणि मला ते बोलायचंच होतं. पण खरं बोलून माझी आग काही विझली नाही, आणि मायनं त्या वर्षानंतर गाणं म्हटलं नाही. कानबाई बसायची, भाऊबंदांतल्या दुसऱ्या बाया गाणं उचलायच्या, माय पोळ्या लाटत राहायची.

माझं लग्न झालं, मी जळगावला आले. सासरची माणसं चांगली आहेत, माझी लेक हुशार आहे, मी शाळेत शिकवते, सगळं बरं चाललंय. दर श्रावणात धुळ्याला जायचे. माय माझ्यासाठी वेगळी कणीक भिजवून ठेवायची, पितळी वाडग्यात, ओल्या फडक्याखाली. मी कोपऱ्यात बसून ती पोळी खायचे. दोघीही एकमेकींकडे बघायचो नाही. कॉम्प्युटर देव्हाऱ्याशेजारीच, झाकणाखाली. आबा दर महिन्याला तो एकदा चालू करायचे. शब्द घालायचे नाहीत. "यंत्र बंद ठेवलं की जाम होतं," म्हणायचे. पंखा घोरायचा, रेघ लुकलुकायची, मग बंद करायचे. एका वर्षी तो घोरलाच नाही. आबांनी डबा उघडून पाहिला, पुसला, परत ठेवला.

माझ्या फोनला कुलूप नाही. लेक डोकं आपटते, "आई, निदान अंगठा तरी ठेव!" ती शिकलेली आहे, तिचं बरोबर आहे, आणि मी तिच्याकडून माझ्या बँकेचे वगैरे शब्द सगळे पाठ करून घेतलेत. तिच्याकडूनच. तिचं लग्न ठरेल तेव्हाही तेच राहतील. पण फोनला कुलूप नाही म्हणजे नाही.

यंदा कानबाईच्या आठवडाभर आधी कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर वैशालीनं काहीतरी टाकलं. "भावाचं जुनं मेमरी कार्ड सापडलं, बघ जयू, काय गोड दिसत होतीस!" बिचारी निर्मळ मनानं. मी उघडलं. तोच फोटो. झोका, मोकळे केस.  मी पुसायला निघाले होते. अंगठा तिथेच होता. आणि मग मला खालचा भाग दिसला. दिवस मावळतीला होता, ऊन भाऊच्या पाठीमागून आलं होतं, आणि माझ्या झोक्याखालच्या मातीवर एक लांब सावली पडली होती. दोन्ही कोपरं बाहेर काढून, डोळ्याशी काहीतरी धरून उभा असलेला माणूस. किडकिडीत, मान जरा डावीकडे कललेली. भाऊ असाच उभा राहायचा.

मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. आम्ही जे जे जपलं, कुलपात घातलं, ते सगळं गेलं. आणि जे चोरीला गेलं होतं, ज्याच्यापायी एवढं सगळं झालं, तेवढंच उरलं.

रविवारी धुळ्याला गेले. माय आता वाकली आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी तिला बारीक दिसत नाही. भाऊबंद जमायचे होते. मी तिच्याजवळ ओट्यावर बसले आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला. तिनं मला ओळखलं. "तू शे." मग मी तिचं बोट धरून फोटोतल्या मातीवर, त्या सावलीवर टेकवलं. बोटानं फोटो सरकला, मी परत आणला. तिनं फोन डोळ्यांशी नेला. तिचे ओठ हलले, मग म्हणाली, "हाऊ मना भाऊ शे." आबांना हाक मारली. आबा काठी टेकत आले, वाकून बघितलं, आणि हात पँटला पुसून मगच फोन हातात घेतला. माय उठून आत गेली.

पंगत बसली. देवीपुढे समई, चुलतकाका, काकू, त्यांची मुलं, सुना, मध्ये आबा. मी सवयीनं कोपऱ्यात गेले, आणि माझ्या पोळीसाठी पितळी वाडगं शोधू लागले. ते फडताळावर पालथं होतं. कोरडं. मी म्हणाले, "माय, माझी कणीक?"

"एकच भिजाडं," माय म्हणाली, आणि तिनं आबांच्या शेजारी माझं ताट मांडलं. तिथे भाऊ बसायचा. मी उभीच राहिले. तिनं परातीतून पोळी उचलली आणि माझ्या ताटात वाढली. काकूंचा घास हातातच राहिला. "वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "आंडेरले रोट?"

माय त्यांच्याकडे वळली नाही. माझ्याकडे बघत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. 

"तवयच तुले चावी देवाले पाह्यजे व्हती," ती म्हणाली. "खाय."

मी बसले. आबांनी त्यांच्यापुढची तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.  मी घास मोडला आणि तोंडात घातला. मी खाल्लं. सगळं खाल्लं. मग माझं ताट मी स्वतः धुतलं, आणि ते पाणी मोरीत न सोडता मागच्या अंगणात नेऊन निंबाखालच्या खड्ड्यात ओतलं.